सरळ पायाचा कोन

मुलांनो, आधी एवढं करा. खुर्चीवर बसा आणि एक पाय गुडघ्यातून जेवढा मागे वाकेल तेवढा वाकवा. टाच पार खुर्चीखाली जाऊ द्या. वाकला? आता अशी कल्पना करा की तुमच्या कंपासपेटीतलं कोनमापक फुगत फुगत सुपाएवढं मोठं झालं आहे आणि तुम्ही ते गुडघ्याला लावलं आहे. मधला ठिपका गुडघ्यावर, एक रेघ मांडीवरून गेलेली, दुसरी नडगीवरून खाली. किती अंश दिसतात? जो आकडा दिसेल तो मनात धरून ठेवा आणि इतक्यात कुणाला सांगू नका. निशानेही असाच एक आकडा धरला होता. फक्त तिने तो मनात ठेवला नाही, साऱ्या वाडीला ऐकवला.

निशा सहावीत होती. पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची वाडी. आईबाबा दोघंही महाडच्या एमआयडीसीत कामाला, सकाळच्या गाडीने जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. घरात दिवसभर आजी जानकीबाई आणि आजोबा दत्ताराम. आजोबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी दारात घुटमळलं की अजून म्हणायचे, "पुढं सरका, पुढं मोकळं हाय!"

आजीचा उजवा गुडघा आयुष्यभराच्या भातलावणीने आणि डोंगरातून आणलेल्या मोळ्यांनी झिजून गेला होता. डिसेंबरात पनवेलच्या एका इस्पितळात तिच्या गुडघ्याची वाटी बदलली. मोठे डॉक्टर तिथले. पण पाय पुन्हा वाकता करायचं काम महाडच्या रेश्मा मॅडमचं. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती. बाहेर पेशंटना बसायला बाकडी, आत पडद्यामागे खाट.

पहिल्यांदा गेले तेव्हा निशा पडद्याबाहेरच उभी होती. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"आजी, ऐंशीपर्यंत वाकतोय. एकशेदहापर्यंत तरी न्यायचाय आपल्याला. मग पायऱ्या चढाल. उतरालसुद्धा."

"उतरायच्याच हायत मला," आजी म्हणाली. "वीस मार्चला. तळ्याच्या."

आजी दर वर्षी वीस मार्चला तळ्यावर जायची. गर्दीतून वाट काढत शेवटच्या पायरीपर्यंत उतरायची आणि ओंजळीत पाणी घ्यायची. तिची आई घ्यायची तसंच. गेल्या वर्षी मात्र गुडघ्याने दगा दिला आणि ती वरच उभी राहिली. आजोबांनी खाली जाऊन बाटलीत पाणी भरून आणलं. आजीने ते घेतलं, पण परतीच्या गाडीत कुणाशी बोलली नाही. ऑपरेशनला ती तयार झाली ती त्या बाटलीमुळे.

रेश्मा मॅडमनी निघताना सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "इथे खाटेवर मी दाबून वाकवते. तो आकडा माझा झाला. मला हवाय तुमच्या रोजच्या जगण्यातला आकडा. खुर्चीतून उठताना गुडघा किती वाकतो, पायरी चढताना किती, एसटीत पाय टाकताना किती. तेव्हा दाबायला कुणी नसतं ना! घरी कुणीतरी बाजूने फोटो काढा, त्यावर कोन मोजा, पुढच्या वेळी मला सांगा. आणि टॉवेलचा व्यायाम चुकवायचा नाही. वाटी नवी असली तरी पाय हलला नाही तर आत सगळं चिकटून बसतं. मग अवघड होतं."

"मी मोजते," निशा म्हणाली. "आम्हाला भूमितीत कोन झालेत. सगळ्या वर्गात माझाच कोन बरोबर येतो."

आणि ते खरं होतं. त्यात कुठे फुशारकी नव्हती. फुशारकी नंतर आली.

घरी आल्यावर आजी ओटीवरच्या खुर्चीत बसली. निशाने आजोबांचा फोन घेतला, गुडघ्याच्या अगदी बाजूला उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, वाकव. अजून. अजून!" फोटो निघाला. मग फोनच्या काचेवर कोनमापक. ते टेकलं की फोटो सरकायचा, म्हणून निशा श्वास रोखून ते काचेच्या केसभर वर धरायची. एक रेघ मांडीवर, एक नडगीवर. तिने डोळे बारीक केले आणि वाचलं.

"शंभर!"

"किती?" आजोबा आतून ओरडले.

"शंभर! सकाळी मॅडमकडे ऐंशी होता!"

"आयला," आजोबा बाहेर येत म्हणाले, "एका एसटीच्या फेरीत वीस वाढला? मग रोज महाड-पोलादपूर फेऱ्या मारू, दोन दिवसांत काम फत्ते."

आजी हसली. तिला गुडघ्यात वीसने काही वाढल्यासारखं वाटत नव्हतं. पण पोरगी मोजून सांगत होती, आणि मोजलेल्या गोष्टीपुढे आपल्याला वाटतं त्याला काय किंमत!

आता टॉवेलचा व्यायाम काय होता तेही सांगायला हवं. खाटेवर पाय लांब करून बसायचं. टॉवेल पावलाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं हातांत धरायची आणि ओढत ओढत टाच आपल्याकडे आणायची. टाच घसरून परत जाऊ नये म्हणून निशाने ती धरून ठेवायची. आजी ओढायची तेव्हा तिच्या तोंडातून आवाज निघायचा. "आई गो" म्हणायची, मग ओठ दातांत धरायची, डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या. निशाला ते बघवायचं नाही. शिवाय हे सगळं शाळेतून आल्यावर, नेमकं त्याच वेळी बाहेर पोरींची लगोरी रंगात यायची आणि कुणीतरी हाका मारायचं, "निशे, येतेस का नाय?"

म्हणून पुढच्या आठवड्यात पायरी चढतानाच्या फोटोवर कोनमापक एकशेपाचवर आलं, तेव्हा निशाला दुप्पट आनंद झाला. आणि आणखी काही दिवसांनी एकशेदहा आलं तेव्हा ती अंगणातच नाचली.

"आजी, झाले! मॅडमनी सांगितले तेवढे झाले!"

"मग आता ते ओढायचं?" आजीने हळूच विचारलं.

"आता कशाला? पास झाल्यावर कुणी परत परीक्षा देतं का?"

टॉवेल दोरीवर वाळत पडला तो पडलाच. आजोबांनी विचारलं तर निशा म्हणायची, "आजोबा, कोन खोटं बोलत नाही." शेजारच्या सुंदराबाई बघायला आल्या. त्यांचाही गुडघा दुखायचा. निशाने त्यांना फोटो दाखवले, वर कोनमापक धरून दाखवलं, "हे बघा, एकशेदहा. आता एकशेपंधरा."

"बाय माझे!" सुंदराबाई म्हणाल्या. "जानके, तुझी नात हाय का डाक्टर?"

"व्हईल," आजी म्हणाली, आणि तिने निशाच्या डोक्यावरून हात फिरवला.

काही गोष्टी निशाला दिसत होत्या. आजी खुर्चीत बसली की उजवा पाय काठीसारखा पुढे राहायचा. उठताना दोन्ही हात खुर्चीवर दाबून ती आधी डावीकडे कलायची. पायरीवर उजवा पाय ठेवायचा म्हणजे तो कमरेतून उचलून, बाहेरून अर्धं वर्तुळ काढून ठेवायची. एकदा आजी म्हणालीसुद्धा, "निशे, कडक झाल्यागत वाटतोय गो."

निशा म्हणाली, "वाटतं तसं. आकडा वाढतोय ना?"

आकडा वाढतच होता. मॅडमकडे जायच्या आदल्या दिवशी एकशेवीस आला.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी तिघं महाडला निघाली. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी लागली. आजीने डावा पाय वर टाकला, दांडा धरला, पण उजवा काही वर येईना. मागे माणसं खोळंबली.

"चला आजी, लवकर चला," मागून कुणी म्हणालं.

"थांब रे बाबा!" आजोबा म्हणाले. "गाडी माझ्या परवानगीबिगर हलायची नाय." आणि त्यांनी आजीला मागून आधार देऊन, पाय हाताने उचलून आत ठेवला. आजीचा चेहरा लाल झाला होता. निशा खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या मनात आता मॅडम कौतुकाने काय म्हणतील याचीच वाक्यं तयार होत होती.

या वेळी ती पडद्याबाहेर थांबली नाही. आत जाऊन खाटेच्या कडेला उभी राहिली. मॅडमच्या हातात पांढरं, दोन लांब पट्ट्यांचं कोनमापक होतं. दोन पट्ट्या एका खिळ्यावर फिरायच्या. मॅडमनी आजीला झोपवलं, पाय सरळ केला, एक पट्टी मांडीवर ठेवली आणि दुसरी नडगीवर. दोन्ही पट्ट्या एका ओळीत आल्या. निशाने वाकून खिळ्याजवळचा आकडा बघितला.

शून्य.

पाय सरळ, आणि आकडा शून्य.

मुलांनो, आता मनात धरलेला तुमचा आकडा बाहेर काढा. तुमचा पाय छान वाकला होता, तरी आकडा लहानसाच आला असेल. साठ, पन्नास, कदाचित त्याहूनही कमी. शाळेत आपण दोन रेघांच्या मधली जागा मोजतो. पाय सरळ असेल तर तो सरळकोन, म्हणजे एकशेऐंशी. जसजसा वाकेल तसतशी ती जागा कमी होत जाते. मॅडम मात्र जागा मोजत नव्हत्या. सरळ पाय तिथून किती हलला, ते त्या मोजत होत्या. म्हणून त्यांचा आकडा शून्यापासून निघायचा आणि वाकेल तसा वाढायचा. निशाचं मोजणं बरोबरच होतं. पण तिच्या मापात आकडा वाढणं म्हणजे पाय सरळ होत जाणं. काठी होत जाणं.

हे सगळं निशाला एका क्षणात कळलं. कळलं तसे तिचे कान तापले, मग गाल, मग मान. मॅडम आजीचा पाय वाकवत होत्या आणि आजी खाटेची कड घट्ट धरत होती.

"साठ," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पट्ट्या लावल्या. "साठच. आजी, ऐंशी होता की हो! वाढायच्या जागी वीसने कमी? घरी मोजलं नाही का कुणी?"

"मोजलं की. आमच्या पोरीनं..." आजी हौसेने बोलू लागली आणि तिची नजर निशाकडे गेली.

निशा खाली फरशीकडे बघत होती. मॅडमना दाखवायला घरून आणलेलं कोनमापक तिने ओढणीखाली लपवलं होतं.

आजीला भूमिती येत नव्हती. पण खाली घातलेली मान तिला वाचता यायची.

"...आमच्या पोरीनं म्हटलं व्हतं मोजू," आजी म्हणाली, "पण मीच बसले नाय. कोण त्या फोटूच्या भानगडीत पडतंय! माझंच चुकलं."

"आणि व्यायाम?"

"केला की. रोज केला."

"रोज? टॉवेलचा?"

"रोज."

पडद्यापलीकडून आजोबा काहीतरी बोलणार होते. त्यांचा खाकरण्याचा आवाज आला. पण आजी जोरात खोकली आणि ते गप्प बसले.

मॅडमनी कोनमापक बाजूला ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग मात्र कठीण आहे, आजी. रोज व्यायाम करूनही साठवर आला म्हणजे आत घट्ट चिकटलंय. नुसत्या व्यायामाने नाही सुटणार. पनवेलचे मोठे डॉक्टर, आमचे सर, तुम्हाला भूल देऊन गुडघा वाकवतील. उशीर केला तर तेही जमायचं नाही. संध्याकाळी सरांना फोन करून मी तारीख घेते."

"भूल?" आजीचा आवाज एकदम बारीक झाला. "परत?"

ऑपरेशनच्या वेळच्या भुलीने आजीला फार त्रास झाला होता. शुद्धीवर आल्यावर ती कुणालाच ओळखेना. आजोबांनाही तिने विचारलं होतं, "तुम्ही कोण?" घरी त्यावरून आजोबा चेष्टा करायचे, पण आजी त्या चेष्टेला कधी हसली नाही.

"इलाज नाही, आजी," मॅडम म्हणाल्या.

व्यायाम बंद होता. मीच बंद केला. एवढंच निशाला बोलायचं होतं. पण मॅडमनी पडदा सरकवला, बाहेर बाकड्यावरची माणसं दिसली, गळ्याला पट्टा लावलेले एक काका, हात झोळीत टांगलेली एक बाई, आणि ती आजीची चप्पल शोधायला खाली वाकली.

बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "जरा तळ्यावर बसू. पाय ठणकतोय."

तळ्याच्या काठाला एका बाकड्यावर ती बसली. उजवा पाय समोर ताठ. फेब्रुवारीची दुपार, गर्दी नव्हती. आजोबा रस्त्यापलीकडे चहा सांगायला गेले. जाताना पुटपुटले, "रोज व्यायाम केला म्हणे. कोणी केला? मी केला?"

आजी पायऱ्यांकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "निशे, तुझे पाय चांगले हायत. जा, ओंजळीत पाणी आण माझ्यासाठी. बाटलीत नको."

निशा उतरली. तिचे गुडघे किती सहज वाकत होते! प्रत्येक पायरीला तिला ते जाणवलं आणि प्रत्येक पायरीला लाज वाटली. शेवटच्या पायरीवर ती वाकली, ओंजळ भरली आणि दोन्ही हात जपत वर आली. पण वर येईपर्यंत पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं होतं. आजीच्या हातावर जेमतेम ओल उतरली. आजीने ती ओल कपाळाला लावली.

"आजी," निशा म्हणाली, "तू खोटं का बोललीस?"

"कुठं काय बोलले?"

"मीच उलटं वाचलं. तुझा गुडघा कडक होत होता आणि मी म्हणत होते वाढला. तू मला सांगितलंही होतंस. व्यायाम मी बंद केला. आणि..." इथे तिला थांबावं लागलं, कारण पुढचं आतापर्यंत तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "आणि मला तो बंदच व्हायला हवा होता. मला खेळायला जायचं असायचं. तुझं ओरडणं ऐकवायचं नाही. म्हणून मी आकडा परत तपासला नाही."

आजीने ताठ गुडघ्यावरून हात फिरवला.

"मला बी तो बंदच व्हायला हवा व्हता," ती म्हणाली. "दुखायचं गो फार."

"पण मॅडमना का नाही सांगितलंस?"

"चारचौघांत तुझं नाव कशाला घेऊ? तू शिकणारी पोर. मला अडाणी म्हटलं तर काय, ती सवय हाय. तुझी मान खाली गेलेली मला नाय बघवत."

आजीने हे सहज म्हटलं, भाजीला मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. निशाला वाटलं, मॅडमनी सगळ्यांसमोर कान धरला असता तरी इतकं लागलं नसतं. आजी पुन्हा भुलीच्या खाटेवर जायला तयार होती, नातीची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि नात पडद्याआड कोनमापक लपवत उभी होती.

तेवढ्यात आजोबा चहाचे कागदी कप सांभाळत आले.

"आजोबा, फोन द्या."

"कुणाला लावायचाय?"

"लावायचा नाही. द्या."

फोन हातात आला तशी ती पळत सुटली. मागून आजोबा ओरडले, "अगो, चहा!" पण ती गल्लीत वळलीसुद्धा.

बाकड्यावर तीच माणसं होती. पट्टेवाले काका, झोळीतल्या हाताची बाई, आणि आता आणखी दोघं. मॅडम पडद्याच्या तोंडाशी उभ्या राहून कुणाला तरी चादर घडी करायला सांगत होत्या.

"काय गं? काही राहिलं का?"

"मॅडम, आजीने व्यायाम केला नाही," निशा म्हणाली. धावल्यामुळे तिचा आवाज फुटत होता. "तिचा दोष नाही. मीच तिला सांगितलं करू नको म्हणून."

"आत ये, आत बोल."

आत पडदा होता. पडद्याआड बोलणं सोपं होतं. निशाला आजीचा शब्द आठवला, चारचौघांत, आणि ती जागची हलली नाही.

"मी मोजलं होतं. सगळे फोटो आहेत. पण मी आतला कोन वाचला. सरळ पायाला मी एकशेऐंशी धरत होते आणि तुम्ही शून्य धरता. मला वाटलं वाढतोय. एकशेदहा झाल्यावर मी टॉवेल बंद केला. आजी मला वाचवायला खोटं बोलली."

पट्टेवाल्या काकांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते अख्खेच्या अख्खे वळले. कुणीतरी हसलं. ती झोळीतल्या हाताची बाई म्हणाली, "हसायचं काय त्यात?" निशाने यातलं सगळं ऐकलं. ओढणीचं टोक तिच्या मुठीत गोळा झालं होतं. पण मान तिने वर ठेवली. ती वर ठेवणं किती जड असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

मॅडमनी फोन घेतला. एकेका फोटोवर आपलं कोनमापक धरलं. खुर्चीत बसलेली. पायरीवर. पुन्हा खुर्चीत. त्या हळू आवाजात वाचत गेल्या, "ऐंशी... पंच्याहत्तर... सत्तर..." मग थांबल्या. "टॉवेल कधी बंद केलास?"

"या सत्तरच्या वेळी. म्हणजे माझ्या एकशेदहाला."

"त्याआधी तरी नीट चालला होता?"

निशाला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "पटापट उरकत होतो."

मॅडमनी फोन परत दिला.

"फोटो चांगले काढलेस. अगदी बाजूने. मला हवे होते तसे." मग त्या म्हणाल्या, "व्यायाम करून साठ आणि व्यायाम न करता साठ, यात फार फरक आहे. आज सरांकडे तारीख मागत नाही. आजींना सोमवारपासून एक दिवसाआड इथे आणा, बाकी घरी. महिनाअखेरपर्यंत बघू. आला तर आला. नाही आला तर मात्र भूल टळणार नाही, हे आजींना नीट सांग. आणि दुखणार आहे. पहिल्यापेक्षा जास्त दुखेल. ती ओरडेल. टाच कोण धरणार?"

"मी."

"सोडायची नाही."

"नाही सोडणार."

निशा परत आली तेव्हा तिचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

"कुठं गेली व्हतीस गो?" आजीने विचारलं.

"मॅडमना सगळं सांगून आले," निशा म्हणाली, आणि मॅडम जे म्हणाल्या तेही सांगितलं. भूल आज टळलीय, कायमची नाही. दुखेल.

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

निशाने मान डोलावली.

आजीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग ती नुसतं "बरं" म्हणाली.

निशाने गळ्यातली ओढणी काढली. तिचा पीळ घातला. आजीचा उजवा पाय उचलून तिने तो बाकड्यावर लांब ठेवला, चप्पल काढली आणि ओढणी पावलाखालून घेऊन दोन्ही टोकं आजीच्या हातांत दिली.

"अगो, इथं? माणसं बघतायत!"

"बघू देत. ओढ, आजी."

आजीने ओढलं. टाच वीतभर सरकली आणि तिच्या तोंडून "आई गो" निघालंच. काठावरून जाणारी दोन माणसं थांबून बघू लागली. निशाने दोन्ही हातांनी टाच धरली, आजीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.